डिस्पॅचचे अकरा बंडखोर

गुजरातेत मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या बेचाळीस संगणकांवर रमाकांत चिटणीसचं तेवीस वर्षं राज्य होतं. ते त्यानं इतक्या मायेनं केलं की एखाद्या मशीनचा पंखा नुसता दुरून ऐकून त्याला सर्दी झालीय की धूळ बसलीय, हे तो सांगायचा. चार नंबरच्या मशीनशेजारी त्यानं एका हिवाळ्यात आल्याच्या चहाचा कप ठेवला होता, आणि ते मशीन पुढं सहा वर्षं शिंकलं नाही म्हणतात. खोटं वाटत असेल तर मकरपुऱ्यात जाऊन विचारा. चार नंबर आता भंगारात गेलं, पण चहावाला आहे.

तर अशा ह्या माणसाच्या राज्यात बंड झालं, ते एका सोमवारी सकाळी उघडकीला आलं.

कारखान्याचे तरुण मॅनेजर धैर्यशील शिर्के त्याच्या सर्व्हरच्या खोलीत आले. शिर्क्यांचे पूर्वज इथल्या जुन्या मराठा संस्थानच्या फौजेत होते. ती फौज गेली, पण चाल काही घराण्यातून गेली नव्हती. साहेब कॅन्टीनमध्ये इडली आणायला निघाले तरी किल्ला सर करायला निघाल्यासारखे दिसायचे.

"काका, एकतीस मशीन ऐकतात, अकरा ऐकत नाहीत. हे काय आहे?"

"बघतो साहेब."

"बघून झालंय. मी स्वतः फिरून आलो. पाच मिनिटं हात लावला नाही तर पडद्याला कुलूप लागायला हवं, पेन ड्राइव्ह चालता कामा नये. हे हुकूम तुम्ही सर्व्हरवर घातलेत ना?"

"घातलेत. एकाच वेळी, सगळ्यांना."

कचेरीत ह्या हुकुमांना पॉलिसी म्हणत. सर्व्हरवर बसून एकदा लिहायची, की बेचाळीस मशीननी ती आपापली उचलायची, असा रिवाज. घरात वडीलधाऱ्यानं एकदा सांगावं आणि सगळ्यांनी ऐकावं, तसा. पण घरात तरी कुठं सगळे ऐकतात?

"शुक्रवारी दहा वाजता जर्मन गिऱ्हाइकाचा तपासनीस येतोय," साहेब म्हणाले. "एक मशीन जरी उघडं सापडलं तर ऑर्डर गेली समजा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बिघाड दुरुस्त हवा आणि त्याचं कारण माझ्या टेबलावर लेखी हवं. नाही जमलं, तर अहमदाबादच्या एका एजन्सीशी मी बोलून ठेवलंय. नेटवर्क त्यांच्याकडे जाईल, आणि तुम्ही सावली गावच्या गोदामात. आठच महिने राहिलेत ना तुमचे? तिथं निवांत आहे."

निवांत तर होतंच. सावलीच्या गोदामात इतकी शांतता होती की तिथला वॉचमन दिवसातून दोनदा "कोण आहे तिकडे?" असं ओरडायचा आणि "मीच आहे" असं स्वतःच उत्तर द्यायचा, तेवढाच माणसाचा आवाज. रमाकांतला त्या वॉचमनशेजारी आपली खुर्ची दिसली. त्याला पैशाची चिंता नव्हती. पण तेवीस वर्षं जे सांभाळलं ते शेवटच्या आठ महिन्यांत दुसऱ्याच्या हाती जावं, आणि तेही 'म्हाताऱ्याला जमेना' ह्या शेऱ्यासकट? चिटणिसांचे पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते. त्यांच्या हातचा एक कागद कधी गहाळ झाला नव्हता, असं घरात सांगत. ह्याच्या हातून तर अकरा मशीन गहाळ झाली होती.

तो कामाला लागला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की अकराच्या अकरा बंडखोर डिस्पॅचमध्ये होते. कारखान्याच्या पार मागच्या टोकाला माल बांधून रवाना करणारं हे खातं. तिथं एकोणीस मशीन. त्यातली आठ शहाण्यासारखी वागत होती. तिथल्या मथुराबाईंचं आणि तरुण यशराजचं टेबल तर एकमेकांना चिकटलेलं. दोघांची मशीन एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्यासारखी, एकाच डबीतून केबल घेतलेली. पण यशराजच्या मशीनला पाच मिनिटांनी बिनचूक कुलूप लागायचं, आणि मथुराबाईंचं धर्मशाळेसारखं उघडं.

रमाकांतनं मशीन बंद करून चालू केली. केबल बदलल्या. अकरा नावं सर्व्हरवरून काढली आणि पुन्हा घातली. सर्व्हरच्या नोंदी वाचल्या, तर तिथं दर वेळी एकच तक्रार: ह्या मशीनची ओळख पटत नाही. आता बोला! रोज दिवसभर शेजारी बसणारं घरचं माणूस, आणि सर्व्हर म्हणतो, कोण तुम्ही?

मंगळवारी तो इरेला पेटला. मथुराबाईंचं मशीन त्यानं सकाळी पुसून कोरं केलं, आणि दुपारपर्यंत पहिल्यापासून सगळं नव्यानं भरलं. मशीन लगेच ताळ्यावर आलं. पाच मिनिटं झाली की कुलूप. पेन ड्राइव्ह लावला तर थेट नकार. रमाकांतनं तीनदा पाहिलं आणि त्या रात्री तो चार दिवसांनी पोटभर जेवला. चार दिवस कुठले, दोनच. पण उपास मोठा वाटतो.

बुधवारी सकाळी येऊन बघतो तर मथुराबाईंचं मशीन पुन्हा सताड उघडं, आणि पेन ड्राइव्हमधले कुणाच्या तरी मुंजीचे फोटो पडद्यावर.

"शुं थयुं भाऊ?" मथुराबाईंनी विचारलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, छाणीला राहून त्यांच्या तोंडी निम्मी गुजराती बसली होती. "चेहरा असा का, कढी फाटल्यासारखा?"

"मथुराबाई, काल हे बरोबर चालत होतं."

"काल होतं ते आज कुठं असतं?" असं म्हणून त्यांनी पुढचा फोटो लावला.

मथुराबाई डिस्पॅचमध्ये रूपालीच्याही आधीपासून होत्या. रूपाली तिसऱ्या टेबलावरची, सातव्या महिन्यातली. पोटावर हात ठेवून ती लेबलं छापत बसलेली होती. खात्याचे प्रमुख सुभानराव, झुपकेदार मिशा आणि संधिवात एकाच वयात वाढवलेले. सगळ्यांशी रमाकांतचं वर्षानुवर्षांचं. कोणी मुद्दाम वाईट करील असं एकही माणूस नाही. म्हणजे दोष आपल्याच कुठल्या तरी सेटिंगात, असं समजून तो दुपारपर्यंत पुन्हा सर्व्हरमध्ये डोकं घालून बसला. डोक्याला आणखी थोडं वळण मिळालं असतं तर त्याचाही पंखा फिरायला लागला असता.

साडेतीनला तो परत डिस्पॅचमध्ये आला आणि मथुराबाईंच्या खुर्चीत बसला. त्या पाणी आणायला गेल्या होत्या. तो नुसता पडद्याकडं बघत होता, काय करावं न सुचून.

तेवढ्यात चारचा भोंगा झाला.

हा भोंगा कामगारांची पाळी सुटल्याचा. तो वाजला की मकरपुऱ्यातली कबुतरं उडतात आणि आपल्या जागा बदलून बसतात, कारण त्यांचीही पाळी बदलते. चारच्या ठोक्याला, पुढं नाही, मागं नाही. भोंगा अजून वाजत होता आणि रमाकांतची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं चार वाजून नऊ मिनिटं झाली होती.

त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चार. मान वळवून यशराजचा पडदा पाहिला. चार वाजून चार. उठला. रूपालीचा, चार वाजून आठ. सुभानरावांचा, चार वाजून अकरा. भोंग्याचा शेवटचा हुंकार संपेपर्यंत तो एकोणीसही टेबलांवरून फिरून आला, लग्नात अक्षता वाटणाऱ्यासारखा धावत. काखेत कळसा होता आणि तो तीन दिवस गावाला वळसे घालत होता!

सर्व्हरचा एक जुना नियम आहे. मशीनचं आणि त्याचं घड्याळ पाच मिनिटांपर्यंत मागंपुढं असलं तर तो चालवून घेतो. त्याहून जास्त फरक दिसला की समोरचा तोतया आहे असं धरून चालतो. मग ओळख नाही, आणि ओळख नाही तर हुकूमही नाही. यशराज चार मिनिटं पुढं, म्हणून घरचा. मथुराबाई नऊ मिनिटं पुढं, म्हणून परक्या.

मथुराबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या.

"तुमचं घड्याळ नऊ मिनिटं पुढं कसं?" रमाकांतनं विचारलं.

त्यांनी सावकाश बाटलीचं झाकण लावलं. "तुमचंच मागं असेल."

"आणि भोंग्याचं?"

"भोंग्याचं काय सांगता, भाऊ. तो मालकाचा. मालकाच्याच बाजूनं वाजणार."

यशराजला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

"मी काल सगळं कोरं करून दिलं, तेव्हा घड्याळ बरोबर होतं."

"होतं ना!" मथुराबाईंचा आवाज एकदम चढला. "आणि त्यापायी काल माझी बस चुकली."

आता सुभानराव उठून आले. उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी रमाकांतच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं.

पूर्वी डिस्पॅचला लागूनच एक छोटं फाटक होतं. त्यातून बाहेर पडलं की समोर कंपनीची बस. दिवाळीनंतर शिर्केसाहेबांनी ते बंद केलं. एक कारखाना, एक फाटक, सगळ्यांना एकच नियम. तेव्हापासून डिस्पॅचच्या लोकांना सात शेडना वळसा घालून मोठ्या फाटकावर जावं लागे. सुटी साडेपाचला, बस पाच पस्तीसला. आणि बस चालवणारे प्रतापसिंहराव वेळेचे इतके पक्के की एकदा ते स्वतः चढायचे राहिले तरी बस सुटली होती, असं सांगतात.

"माझ्या खात्यात पहिल्यापासून नियम आहे," सुभानराव म्हणाले. "ज्याच्या पडद्यावर साडेपाच वाजले तो सुटला. मी कोणाला अडवत नाही. मग प्रत्येकानं आपापल्या चालीनं घड्याळ पुढं करून घेतलं. यशराजचे पाय चार मिनिटांचे. रूपालीचे आधी पाच होते, आता आठ झालेत. मथुराबाईंचे गुडघे नऊ. माझे अकरा. पण हजेरीचा अंगठा मात्र सगळे मोठ्या फाटकावर साडेपाचच्या पुढंच लावतो हं, त्यात चोरी नाही."

"पण सर्व्हर तर घड्याळ परत मागं ओढतो!"

"ओढायचा," मथुराबाई म्हणाल्या. "मग मी ती वेळ जुळवायची सर्व्हिसच बंद करून टाकली. सगळ्यांचीच. यूट्यूबवर सगळं असतं भाऊ, उंधियूपासून सर्व्हिसपर्यंत. कालची माझी आज सकाळी पुन्हा केली."

"तुम्हाला ती बंद करताच यायला नको! त्याला मशीनची मालकी, म्हणजे आतलं काहीही बदलायची मुभा, लागते."

"ती तुम्हीच तर दिलीत. लेबलांचा प्रोग्रॅम चालेना तेव्हा. सगळ्या खात्याला. विसरलात?"

रमाकांतला आठवलं. विसरला होता खरा. तीन वर्षांपूर्वी, माल अडकलेला, लेबलं छापली जाईनात. त्यानं 'दोन दिवसांपुरती' म्हणून सगळ्यांना मालकी देऊन टाकली होती. ते दोन दिवस अजून चालू होते.

"घड्याळं बरोबर करून टाका," सुभानराव हळू म्हणाले. "तुमचं गोदामाचं कळलंय आम्हाला. आमचं आम्ही बघू."

मथुराबाई बाटलीकडं बघत म्हणाल्या, "काल मला पोचायला उशीर झाला, तर ह्यांनी इन्सुलिन स्वतःच टोचून घेतलं. डोळ्यांना दिसत नाही, किती घेतलं देव जाणे. साखर एवढी उतरली की शेजारणीनं गूळपाणी पाजलं म्हणून वाचले. पण ते काही तुमच्यामुळं नाही हं भाऊ. तुम्ही आपलं तुमचं काम केलं."

तुमच्यामुळं नाही, हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की रमाकांतला सबंध रात्र तेच ऐकू येत राहिलं.

गुरुवारी त्यानं घड्याळं बरोबर केली. दुसरा इलाज नव्हता. मालकी काढून घेतली, वेळ जुळवायची सर्व्हिस चालू केली, आणि तिला हात लावता येऊ नये अशी पॉलिसी घातली. तीन वाजता बेचाळीसच्या बेचाळीस मशीन एका सुरात कुलपं लावत होती. आता नुसतं लिहायचं होतं: 'वेळेत तफावत होती, दुरुस्त केली.' एका ओळीत सुटका. सावली नाही, एजन्सी नाही. खोटंही नाही. चिटणिसांच्या पणजोबांनीसुद्धा त्यावर खुशाल सही केली असती.

त्यानं ती ओळ लिहिली. वाचली. मग कागद फाडला आणि दुसरा घेतला.

पाच वाजता धैर्यशीलसाहेबांनी तो वाचला, आणि पुन्हा वाचला.

'कारण एक: डिस्पॅचच्या मशीनची मालकी मी माणसांना दिली व परत घेतली नाही. चूक माझी. दुरुस्त केली. कारण दोन: छोटं फाटक बंद झाल्यामुळे घड्याळं पुढं गेली. दुरुस्ती आपल्या हातात.'

"फाटकामुळं संगणक बिघडला?" साहेब म्हणाले. "काका, काय घेऊन आलात आज? आणि दारूबंदीच्या गुजरातेत मिळालं कुठं?"

रमाकांतनं सगळं सांगितलं. साहेबांचं हसू वितळत गेलं.

"म्हणजे एक खातं सहा महिने मला फसवतंय. अकरा जणांची नावं द्या."

"नावं नाहीत साहेब. मिनिटं आहेत." त्यानं एक चिठ्ठी पुढं केली. मशीनचे नंबर, आणि समोर मिनिटं.

"नंबरावरून नावं मला दोन मिनिटांत काढता येतील."

"येतील. पण आधी साडेपाचला माझ्याबरोबर डिस्पॅचच्या दारात चला. मग जी काय शिक्षा करायची ती करा. माझ्यापासून सुरू करा, मालकी मी दिली."

तेवीस वर्षांत रमाकांतनं कोणाही साहेबाला 'चला' म्हटलं नव्हतं. त्यामुळंच असेल, साहेब उठले.

साडेपाच वाजले, एकोणीस पडद्यांवर एकदमच. यशराज आणि तरुण मंडळी झपाझप निघाली. मागून बाकीचे. सगळ्यांच्या शेवटी सुभानराव आणि त्यांच्या जरा पुढं मथुराबाई.

"साहेब, तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या.

"नाही, तुमच्याबरोबरच येतो."

"मग जरा हळू. तुमच्या घराण्यात सगळे घोड्यावरूनच हिंडले वाटतं."

साहेब हळू झाले. हळू चालायचं त्यांना ठाऊक नव्हतं. चार पावलं टाकून ते थांबत, वळून बघत, पुन्हा चार पावलं. तिसऱ्या शेडपाशी रूपालीनं भिंतीला हात टेकून श्वास घेतला. साहेबांनी तिची पिशवी घेतली, आणि आता ह्या पिशवीचं नक्की काय करतात ते न कळून ती छातीशी धरली. पाचव्या शेडला वळसा घालताना तिकडून बसचा हॉर्न ऐकू आला, मग गिअरचा आवाज. मथुराबाईंनी मान वर केली, आणि चाल तशीच ठेवली. वाढवायला त्यांच्याकडं चालच नव्हती.

मोठ्या फाटकाशी पोचले तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. मथुराबाईंनी अंगठा लावला. मशीननं वेळ दाखवली: पाच एकोणचाळीस.

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. तेवीस नंबरच्या, म्हणजे मथुराबाईंच्या मशीनसमोर लिहिलं होतं, नऊ. त्यांनी चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली.

"इथून छाणीला कसं जाणार?"

"दोन रिक्षा. मिळाल्या तर." मथुराबाईंनी फोन काढला होता. "अहो, ऐका, टोचून घेऊ नका. मी येतेय. नका घेऊ म्हणते ना!"

साहेबांनी गाडीची किल्ली काढली. "बसा. सुभानराव, तुम्हीही. रूपालीताई, पुढं बसा." मग रमाकांतकडं वळून, "काका, उद्या नऊला या," एवढंच म्हणून गाडी घेऊन गेले.

रमाकांतचं काय होणार ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी तो जर्मन तपासनीस आला. त्यानं काय चमत्कार, नेमकं तेवीस नंबरचंच मशीन निवडलं. आपलं घड्याळ लावून मथुराबाईंसमोर पाच मिनिटं उभा राहिला. मथुराबाईंनी त्याला चिवडा दिला. चिवड्याचा दुसरा घास तोंडात जाताना पडद्याला कुलूप लागलं, आणि तो मान डोलावत पुढं गेला. आता ती कुलपाला डोलली की चिवड्याला, हे त्यालाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत बेचाळीसांपैकी एकाही मशीनवर त्याला बोट ठेवता आलं नाही.

तो गेल्यावर धैर्यशीलसाहेबांनी रमाकांतला एक पाकीट दिलं. आत लेखी ताकीद होती: मालकी परत न घेतल्याबद्दल. तेवीस वर्षांतली पहिली.

"ही द्यावीच लागली काका," साहेब म्हणाले. "तुम्ही स्वतःच लिहून दिलंत."

"बरोबर आहे साहेब." ताकीद त्यानं जपून घडी केली. मग विचारलं, "सावलीला कधी जायचं?"

"कशाला? तिथं वॉचमन आहे ना." साहेबांनी समोरच्या कागदात डोकं घातलं. "एजन्सीला नाही म्हणून कळवलंय. आणि सोमवारपासून छोटं फाटक संध्याकाळी वीस मिनिटं उघडेल. तिथं अंगठ्याचं मशीन बसवून द्या. रविवारी आलात तरी चालेल. मथुराबाईंच्या यजमानांना मी शब्द दिलाय."

रमाकांत रविवारी गेला. त्यानं ते मशीन बसवलं आणि त्याची वेळ सर्व्हरशी सेकंदापर्यंत जुळवली. सोमवारी डिस्पॅच छोट्या फाटकातून बाहेर पडलं आणि सुभानरावसुद्धा बसमध्ये दोन मिनिटं आधी जाऊन बसले. प्रतापसिंहरावांनी त्यांना ओळखलं नाही, असं म्हणतात.

पण त्याच सोमवारी दुपारी मथुराबाईंनी रमाकांतला तातडीनं बोलावून घेतलं होतं.

"भाऊ, हे काय चालवलंय? डब्यातली पोळी उघडली की कुलूप. फोन घेतला की कुलूप. दर वेळी पासवर्ड. अन् तुमच्या पॉलिसीनं आठवडाही होऊ दिला नाही, म्हणते नवा घाल."

"सगळ्यांना एकच आहे मथुराबाई. लांबलचक घाला, आकडा घाला, आणि मुख्य म्हणजे कोणाला सांगू नका. मी तोंड फिरवतो."

तो नियमाप्रमाणे भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मथुराबाईंनी चष्मा लावला, एक बोट उगारलं, आणि सगळ्या डिस्पॅचला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक अक्षर म्हणत पासवर्ड टाइप करायला सुरुवात केली. यशराजनं खोकल्याचा आधार घेतला. रूपालीनं लेबलाच्या मागं तोंड लपवलं. रमाकांतनं डोळे घट्ट मिटले. कानांसाठी अजून पॉलिसी निघालेली नव्हती.